छोट्या बोर्डावरून डीएसएलआर चालवताना मध्येच अडकतं: कुठे शोधायचं, काय बदलायचं

लक्षण बहुतेकांचं सारखंच असतं. घरी टेबलावर बोर्ड आणि कॅमेरा जोडला की सगळं नीट चालतं. दर पंधरा मिनिटांनी शटर वाजतं, कार्डावर फोटो येतो. तीच जोडणी डब्यात बंद करून तलावाच्या पाळीवर बसवली की संध्याकाळपर्यंत चालते आणि रात्री कधीतरी थांबते. सकाळी जाऊन पाहावं तर बोर्डावरचा दिवा लागलेला, कॅमेरा झोपलेला, आणि कार्डावरचा शेवटचा फोटो रात्रीचा. रीसेट दाबलं की पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आपल्या पूर्व विदर्भात असे प्रयोग करावेसे वाटण्याला कारण आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. पहिल्या मोठ्या पावसात तलाव कसा भरतो, धानाला पाणी द्यायला तुडूम (तलावातून पाणी सोडायची मोरी) उघडल्यावर पाणी किती वेगानं उतरतं, कुठले पक्षी कधी उतरतात, याची रोजची चित्रनोंद गावाच्या कामाची आहे. कॅमेरेही मिळतात, कारण लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले मिररलेसकडे वळले आणि त्यांचे जुने डीएसएलआर कपाटात पडून आहेत. पण पाळीवर वीज नसते. लॅपटॉपला वीस-तीस वॅट लागतात. १२ व्होल्टची बॅटरी आणि एक सोलर पॅनल एवढ्यावर तो पावसाळ्यात टिकत नाही. म्हणून एक-दोन वॅटमध्ये भागणारा आर्डुइनो उनो आर३ (पुढे नुसता उनो) आणि त्यावर यूएसबी होस्ट शील्ड, म्हणजे कॅमेरा यूएसबीनं जोडता यावा म्हणून वर बसवायचा बोर्ड, ही जोडी कॉलेजातली मुलं निवडतात. निवड योग्यच आहे.

अडचण सॉफ्टवेअर बोर्डावर आणताना सुरू होते. यूएसबीवरून कॅमेरा चालवण्याची भाषा पीटीपी (पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल). लॅपटॉपवर लिबजीफोटो२ सारखी लायब्ररी ती बोलते, आणि तिच्या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत असते: कॅमेऱ्याचं उत्तर आधी पूर्ण मेमरीत घ्यायचं, मग वाचायचं. लॅपटॉपवर यात काही वावगं नाही. उनोवर हेच गृहीतक सगळ्या बिघाडांच्या मुळाशी असतं. रॅम फक्त २०४८ बाइट आहे म्हणून बोर्ड बदलायला निघण्याआधी हे गृहीतक बदलून पाहा, असं माझं ठाम मत आहे.

आधी वीज बाजूला काढा

मेमरीकडे जाण्याआधी वीज तपासायलाच हवी, कारण दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी दिसतात.

उनोच्या व्हिन पिनला (बाहेरची वीज घेण्याची पिन) थेट १२ व्होल्टची बॅटरी जोडली असेल तर आधी ते काढा. त्या पिनमागचा रेग्युलेटर लिनिअर आहे, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. बोर्ड आणि शील्ड मिळून २०० मिलिअँपिअर धरले आणि दुपारी सोलर चार्जरनं बॅटरी १४.४ व्होल्टला नेली, तर रेग्युलेटरवर १.८८ वॅट उष्णता पडते. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद डब्यात त्याहून जास्त. रेग्युलेटर स्वतःला वाचवायला बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. एलएम२५९६ चं साधं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल लावून त्याचा व्होल्टेज आधी मीटरनं ५ वर आणा आणि तो ५ व्होल्टच्या पिनला द्या. लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकताना मात्र हा पुरवठा काढून ठेवा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. उनोवरची चिप ५ व्होल्ट आणि १६ मेगाहर्ट्झवर चालते. व्होल्टेज २.७ च्या खाली गेला तरच तिची ब्राउनआउट यंत्रणा तिला रीसेट करते. पण डेटाशीटप्रमाणे १६ मेगाहर्ट्झसाठी साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. मधल्या पट्ट्यात चिप रीसेट होत नाही आणि तिच्या कामाची खात्रीही नसते. पहाटे बॅटरी उतरलेली असताना बोर्ड वेड्यासारखा वागत असेल तर हा पट्टा आठवा.

वीज गेली की प्रोग्राम अडकला, हे ओळखायला एक स्वस्त उपाय आहे. एक चल नोइनिट विभागात ठेवा, म्हणजे सुरुवातीला त्यात शून्य भरलं जात नाही. त्यात एक ठरावीक खूण आणि शेजारी चालू पायरीचा क्रमांक लिहीत जा: कॅमेरा शोधणं १, सेशन उघडणं २, इव्हेंट (कॅमेऱ्यानं कळवलेले बदल) वाचणं ३, शटर ४. बोर्ड सुरू झाल्यावर खूण जशीच्या तशी सापडली तर वीज गेलेली नव्हती. रीसेट वॉचडॉगनं (वेळेत हजेरी मिळाली नाही की बोर्ड आपोआप रीसेट करणारा चिपमधला टायमर) किंवा बटणानं झाला, आणि कुठल्या पायरीवर तेही समोर आहे. खुणेच्या जागी कचरा असेल तर वीज गेली होती. हीच नोंद ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) दर पायरीला लिहू नका. तिथे एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याचीच हमी असते, आणि दिवसाला ९६ फोटो व प्रत्येकाच्या पाच पायऱ्या म्हटलं तर ती मर्यादा सात महिन्यांत गाठली जाते.

दोन किलोबाइट जातात कुठे

आता मुख्य भाग. उनोच्या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्राम साठवण्याची जागा) आणि २ किलोबाइट रॅम. फ्लॅश सहसा पुरते. रॅमचा हिशेब मात्र कागदावर मांडूनच पाहा.

सिरियल पोर्टची दोन बफरं (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) प्रत्येकी ६४ बाइट, एकूण १२८. घड्याळासाठी डीएस३२३१ लावलं की वायर लायब्ररी येते; तिची पाच बफरं प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे १६०. एसडी कार्ड लावलं की एका सेक्टरचा ५१२ बाइटांचा बफर. इथपर्यंतच ८०० बाइट संपले आणि कॅमेऱ्याशी अजून एक शब्दही बोललेलो नाही. उरले १२४८. त्यात यूएसबी लायब्ररीचं स्वतःचं सामान, तुमचे चल, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांचे तात्पुरते चल आणि परतीचे पत्ते ठेवण्याची जागा.

शिवाय न दिसणारा खर्च आहे तो मजकुराचा. या चिपमध्ये प्रोग्राम आणि डेटा यांच्या मेमरी वेगळ्या आहेत. म्हणून अवतरणात लिहिलेलं प्रत्येक वाक्य फ्लॅशमध्ये तर असतंच, वर सुरुवातीला रॅममध्येही उतरवलं जातं. “कॅमेरा सापडला नाही, पुन्हा प्रयत्न करतो” अशा अर्थाची वीस-पंचवीस इंग्रजी वाक्यं सिरियलवर छापण्यासाठी लिहिली की पाच-सहाशे बाइट सहज जातात. देवनागरीत लिहिली तर एकेका अक्षराला तीन बाइट. प्रत्येक छापील वाक्याला एफ मॅक्रो लावा आणि तक्ते प्रोगमेममध्ये ठेवा, म्हणजे ते फक्त फ्लॅशमध्येच राहतात. हा नियम उनोवर असते त्या एव्हीआर जातीच्या चिपांचा आहे. पिको किंवा ईएसपी३२ या जास्त रॅमच्या बोर्डांवर न बदलणारा मजकूर तसाही फ्लॅशमध्येच राहतो; तिथे एफ मॅक्रो लावून काही वाचत नाही.

लॅपटॉपवरच्या कोडमधून आणलेले नावांचे तक्ते तर पूर्ण काढून टाका. आयएसओ, छिद्र, शटर यांची नावं माणसासाठी असतात, कॅमेऱ्याला फक्त अंक कळतात. कॅनन ईओएसमध्ये आयएसओ १०० म्हणजे हेक्स (सोळाच्या पटीतली अंकपद्धती) ४८, २०० म्हणजे ५०, ४०० म्हणजे ५८, ८०० म्हणजे ६०. दर स्टॉपला हेक्स ८ ची वाढ. एवढं कळलं की तक्ता लागतच नाही, एक बेरीज पुरते.

कंपाइल झाल्यावर खाली येणारा आकडाही नीट समजून घ्या. “ग्लोबल चलांनी इतके टक्के मेमरी घेतली” असं तो सांगतो. त्यात स्टॅक नसतो आणि हीपही (प्रोग्राम चालताना मागून घेतलेली मेमरी) नसते. ६५ टक्के दाखवत असताना बोर्ड मेमरी संपून पडू शकतो, आणि रात्री पडणारे बहुतेक बोर्ड याच गटातले असतात.

पडतो तो असा. हीप खालून वर वाढते, स्टॅक वरून खाली येतो, मध्ये अडसर काहीच नाही. एखादं फंक्शन आपल्या पोटात ५१२ बाइटांचा स्थानिक ॲरे घेतं, त्यातून दुसरं फंक्शन, त्यातून तिसरं, तेवढ्यात इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड) येतो. स्टॅक हीपवर किंवा ग्लोबल चलांवर उतरतो. कुठलीही सूचना मिळत नाही. बदललेला बाइट कदाचित घड्याळाचा असतो, कदाचित परतीच्या पत्त्याचा, आणि परिणाम तासाभरानंतरही दिसू शकतो. म्हणून जिथे अडकलं तिथेच दोष शोधत बसू नका.

किती उरलं ते मोजा

“आत्ता मोकळी मेमरी किती” असं लूपमधून विचारणाऱ्या फंक्शनवर विसंबू नका. लूपमध्ये असताना स्टॅक सर्वांत उथळ असतो. खरी खोली कळते ती रंग लावण्याच्या पद्धतीनं: प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच, इनिट३ विभागातल्या छोट्या फंक्शननं, ग्लोबल चलांच्या शेवटापासून रॅमच्या टोकापर्यंत सगळीकडे हेक्स ५५ भरून ठेवायचं. मग बोर्ड दिवसभर चालू द्यायचा. संध्याकाळी हीपच्या वरच्या कडेपासून मोजत गेलं की किती ५५ शाबूत आहेत ते दिसतं. तेवढीच जागा दिवसभरात कुणी वापरली नाही. ती शंभर-सव्वाशे बाइटांपेक्षा कमी असेल तर मी तो बोर्ड पाळीवर नेणार नाही.

मोजताना कॅमेरा बंद-चालू करा, केबल काढून लावा, कार्ड भरलेलं ठेवा. चुकांची वाट हाताळणारा कोड सर्वांत खोल जातो आणि टेबलावर तो क्वचितच चालतो.

ईएसपी३२ वर हे आयतं मिळतं. प्रत्येक टास्कच्या स्टॅकचा तळ किती जवळ आला होता ते सांगणारं फंक्शन फ्रीआरटॉस या त्यावरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. आर्डुइनोच्या लूप टास्कला मुळात ८ किलोबाइट स्टॅक दिलेला असतो. हीपसाठी मात्र एकूण मोकळ्या जागेऐवजी सर्वांत मोठा सलग तुकडा पाहा. एकूण ९० किलोबाइट मोकळे असूनही सलग २० सुद्धा नसतील, तर ३० चा बफर मिळणार नाही.

उत्तर साठवू नका, वाहू द्या

मेमरी सर्वांत जास्त खाणारी दोन उत्तरं आहेत.

पहिलं डिव्हाइस इन्फो, आज्ञा हेक्स १००१. यात कॅमेरा आपण कोण, कुठल्या आज्ञा समजतो, कुठले गुणधर्म देतो, या सगळ्याची यादी पाठवतो. डीएसएलआरच्या बाबतीत हे कित्येक शे बाइटांचं होतं.

दुसरं जास्त घातक. कॅनन ईओएस कॅमेऱ्याला संगणकाच्या ताब्यात घ्यायला सेशन उघडल्यावर हेक्स ९११४ आणि ९११५ या आज्ञा द्याव्या लागतात, आणि मग ९११६ नं इव्हेंट विचारत राहावं लागतं. पहिल्यांदा विचारलं की कॅमेरा आपले सगळे गुणधर्म आणि प्रत्येकाच्या परवानगी असलेल्या किमतींच्या याद्या एका दमात पाठवतो. मॉडेलनुसार हे काही किलोबाइटांपर्यंत जातं. उनोची अख्खी रॅम दोन किलोबाइटांची. तिथे बफर कितीही मोठा केला तरी पुरणार नाही. नंतरची उत्तरं लहान असतात, मोठं ते पहिलंच, आणि त्याचा आकार मॉडेलनुसार बदलतो; म्हणून जुन्या कॅमेऱ्यावर चालणारा कोड नव्या कॅमेऱ्यावर पहिल्याच मिनिटाला कोसळतो आणि लोक केबलला दोष देतात.

उपाय ओलीत करणाऱ्याला सांगायची गरज नाही: दांडातून पाणी येतं तसं ते वाफ्यात वळवायचं, आधी टाकी भरायची नाही. यूएसबीवर डेटा ६४ बाइटांच्या पॅकेटांत येतो. एक पॅकेट घ्या, त्यातलं हवं ते उचला, बाकीचं सोडा, त्याच ६४ बाइटांत पुढचं पॅकेट घ्या. उत्तर चार किलोबाइटांचं असो की चाळीस, बफर ६४ चाच.

यासाठी वाचणारा कोड उलटा लिहावा लागतो. लॅपटॉपवर कोड डेटाकडे जातो: या ठिकाणचे चार बाइट दे, त्या ठिकाणचे दोन दे. इथे बाइट कोडकडे येतात, एकेक करून, आणि कोडला आपण कुठे आहोत ते लक्षात ठेवावं लागतं. ईओएसच्या इव्हेंटची रचना सोपी आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला चार बाइट लांबी, चार बाइट प्रकार, मग त्या प्रकाराचा मजकूर. गुणधर्म बदलल्याच्या नोंदीत आधी गुणधर्माचा क्रमांक, मग किंमत. लांबी ८ आणि प्रकार ० आला की यादी संपली. तेव्हा तुम्हाला सांभाळायच्या गोष्टी इतक्याच: चालू नोंदीतले किती बाइट उरले, प्रकार कोणता, गुणधर्म कोणता, आणि चार बाइट जुळवायची एक छोटी जागा. सगळं मिळून वीस बाइटांच्या आत.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, नोंद पॅकेटच्या सीमेवर तुटते. लांबीचे दोन बाइट एका पॅकेटच्या शेवटी, दोन पुढच्याच्या सुरुवातीला, असं होणारच. चार बाइट जुळवणारी जागा पॅकेट बदललं तरी रिकामी करू नका. लहान उत्तरावर तपासलेला कोड इथेच फसतो. तपासणीसाठी कॅमेऱ्याची गरज नाही: एक नमुना उत्तर लॅपटॉपवर साठवा, तुमच्या वाचकाला ते ६४ च्या ऐवजी १, ३, ७ बाइटांच्या तुकड्यांत भरवा. प्रत्येक वेळी निकाल तोच आला पाहिजे.

दोन, हवं ते सापडलं म्हणून वाचणं थांबवू नका. उरलेलं उत्तर कॅमेऱ्याच्या पाइपमध्ये तसंच राहतं, पुढच्या आज्ञेचं उत्तर म्हणून आधीच्या उत्तराचं शेपूट हाती येतं, आणि तिथून पुढे सगळंच एक पाऊल मागे चालतं. शेवटपर्यंत ओढून टाका, वापरायचं नसलं तरी. ट्रान्झॅक्शन क्रमांक दर उत्तरात जुळतो का ते पाहत राहिलात तर हा घोटाळा लगेच पकडता येतो.

तीन, शून्य लांबीचं पॅकेट. डेटा संपला हे यूएसबीवर कळतं ते ६४ पेक्षा लहान पॅकेट आल्यावर. पण एकूण लांबी ६४ च्या पटीत असली, उदाहरणार्थ १२ बाइटांचं शीर्षक आणि ५२ बाइटांचा मजकूर, तर लहान पॅकेट उरतच नाही. तेव्हा कॅमेरा शेवटी एक रिकामं पॅकेट पाठवतो. लांबी मोजून “झालं सगळं” म्हणणारा कोड ते रिकामं पॅकेट घेत नाही आणि पुढे उत्तराच्या जागी तेच उचलतो. लांबी नेमकी पटीत येण्याचा योग कधीतरीच येतो, म्हणून हा दोष दिवसेंदिवस दबून राहतो आणि मेमरीचाच वाटतो. एकूण लांबी ६४ च्या पटीत असेल तर आणखी एक वाचन करा, एवढंच.

निकॉनच्या कॅमेऱ्यांत इव्हेंट विचारण्याची आज्ञा वेगळी आहे आणि पहिल्या उत्तराचा लोंढा असा नसतो, पण वाहतं वाचन तिथेही तसंच लागू पडतं. इव्हेंट विचारणं मात्र कुठेही बंद ठेवू नका. रांग रिकामी केली नाही तर कॅमेरा पुढच्या आज्ञांना “व्यस्त आहे”, म्हणजे हेक्स २०१९, असं उत्तर देऊ लागू शकतो.

रात्रीच का?

कॅमेरा काही वेळ वापरला नाही की स्वतः बंद होतो. बंद झाला की यूएसबीवरून नाहीसा होतो, जागा झाला की नव्यानं ओळख होते. या प्रत्येक ओळखीत मॅलॉकनं मेमरी मागणारा आणि परत न देणारा कोड असेल, तर दर वेळी थोडी रॅम कमी होत जाते. टेबलावर तुम्ही सतत बटणं दाबत असता, कॅमेरा झोपतच नाही, त्यामुळे गळती दिसत नाही.

उनोवर मॅलॉक वापरूच नका. स्ट्रिंग क्लासही नको, कारण तो आतून तेच करतो आणि हीपचे तुकडे पाडतो. लागणारी जागा सुरुवातीलाच ठरावीक आकाराची घ्या. कॅमेऱ्याच्या मेनूतली आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येते. ईओएसला जागं ठेवण्याची वेगळी आज्ञाही आहे. पण बॅटरी वाचवायची तर कॅमेरा झोपू देणंच बरं. मग पुन्हा ओळख होण्याची वाट पक्की करा. सेशन उघडताना “आधीच उघडं आहे” असं उत्तर आलं तर ते अपयश समजून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. सेशन बंद करा, हेक्स १००३, आणि नव्यानं उघडा.

मेमरीवर खोटा आळ

दुसरा फोटो कधी निघतच नाही, अशी तक्रार असेल तर पंधरा मिनिटांचा गुणाकार पाहा. १५ गुणिले ६० गुणिले १००० लिहिलं तर लॅपटॉपवर उत्तर ९ लाख येतं. उनोवर इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. तिथे उत्तर उणे १७५०४ येतं, आणि ते अनसाइन्ड लाँगमध्ये टाकलं की जवळपास ४९.७ दिवस होतात. बोर्ड अडकलेला नसतो, इमानानं वाट पाहत असतो. आकड्याच्या शेवटी यूएल लावा, म्हणजे हिशेब ३२ बिटांत होतो. फोटोच्या फाइलची लांबीही इंटमध्ये ठेवू नका, ती नेहमी ३२ बिटांत.

उलट प्रवासाचीही एक खोच आहे. उनोवर चालणारा कोड रॅम जास्त म्हणून पिकोवर नेला आणि डिव्हाइस इन्फो वाचतानाच बोर्ड मेला, असं होतं. पिकोचा आरपी२०४० हा कॉर्टेक्स एम०+ गाभ्याचा आहे. दोन किंवा चार बाइटांची संख्या तो फक्त त्या पटीच्या पत्त्यावरूनच वाचतो, नाहीतर हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो. पीटीपीमधली स्ट्रिंग म्हणजे एक बाइट अक्षरसंख्या आणि पुढे प्रत्येक अक्षराचे दोन बाइट, म्हणजे तिची लांबी नेहमी विषम. डिव्हाइस इन्फोमध्ये पहिले आठ बाइट संपले की लगेच एक स्ट्रिंग येते आणि तिच्यापुढचं सगळं विषम पत्त्यावर सरकतं. पॉइंटर कास्ट करून वाचणारा कोड तिथे हमखास पडतो. एव्हीआरला पत्त्याचं वावडं नाही, म्हणून तिथे हा दोष कधीच दिसला नव्हता. बाइट-बाइट घेऊन जोडणारा वाहता वाचक लिहिला असेल तर ही अडचण उद्भवतच नाही.

वॉचडॉग लावा, पण शेवटी

वरची कामं झाल्यावर वॉचडॉग अवश्य लावा, कारण पाळीवर रीसेट दाबायला कुणी नसतं. आधी लावला तर तो दोष झाकतो आणि तुम्हाला वाटतं सगळं सुधारलं. उनोवर त्याची कमाल मुदत ८ सेकंद आहे. चांदण्या रात्री ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्यायचं असेल तर थांबण्याचा काळ छोट्या तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर वॉचडॉगला हजेरी द्या. हजेरी टायमर इंटरप्टमधून देऊ नका. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. काही जुन्या नॅनो बोर्डांवरचा बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) वॉचडॉग रीसेटनंतर त्याच फेऱ्यात अडकतो, तिथे आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवून घ्या.

फोटो बोर्डावर आणायचा की नाही

माझं उत्तर: उनोवर नाही. त्याचा एसपीआय (शील्ड आणि एसडी कार्डाशी बोलण्याची जोडणी) जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका सेकंदाला फार तर एक मेगाबाइट. सहा मेगाबाइटांचा जेपेग आणायला किमान सहा सेकंद, तोच फोटो त्याच तारांवरून एसडी कार्डावर लिहायला आणखी सहा, आणि हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतात. तेवढा वेळ कॅमेरा जागा आणि बॅटरी खर्ची. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरच राहू द्या, आठवड्यातून एकदा कार्ड बदला. एसडी लायब्ररी काढली की तिचे ५१२ बाइटही परत मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी एवढ्यानंच बोर्ड स्थिर होतो.

फोटोची लहान प्रत मोबाइलवर रोज हवीच असेल, किंवा लाइव्ह व्ह्यू पाहायचा असेल, तर मात्र बोर्ड बदलणं रास्त आहे. मेगा २५६० ला ८ किलोबाइट रॅम आहे आणि तीच शील्ड त्यावर बसते, पण वेग तोच राहतो. साध्या ईएसपी३२ मध्ये यूएसबी होस्ट नाही हे खरेदीआधी लक्षात घ्या. तो एस२ आणि एस३ मध्ये आहे. एस३ मध्ये ५१२ किलोबाइट रॅम आणि वायफाय दोन्ही मिळतं, आणि पाळीवर मोबाइलचं नेटवर्क पकडत असेल तर जवळ ठेवलेल्या जुन्या फोनच्या हॉटस्पॉटवरून प्रत पाठवता येते. वायफाय सुरू होताना विजेचा झटका मोठा असतो. सिरियलवर ब्राउनआउट डिटेक्टरचा संदेश दिसला तर बक मॉड्यूलच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ लावा आणि तारा आखूड, जाड ठेवा.